प्रोलॅक्टिन ८२ आणि पिट्युटरीत ४ मिलिमीटरचा ठिपका: गोळी की ऑपरेशन, त्याआधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पत्नीचं वय २९, मूल हवंय. चार महिने पाळी नाही, स्तन दाबल्यावर दुधासारखा थोडा स्राव येतो. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) ८२, टीएसएच (थायरॉइडला काम लावणारं हॉर्मोन) ५.८. मेंदूच्या एमआरआयच्या रिपोर्टात लिहिलंय, 'पिट्युटरीच्या डाव्या बाजूला ४ मिलिमीटरचा मायक्रोअ‍ॅडेनोमा असण्याची शक्यता', म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी या हॉर्मोन-ग्रंथीत १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ. स्त्रीरोगतज्ज्ञांनी कॅबरगोलिन (प्रोलॅक्टिन कमी करणारी गोळी) लिहून दिली, ती आणून ठेवली आहे पण सुरू केलेली नाही. ओळखीच्या न्यूरोसर्जननी ऑपरेशनचाही पर्याय सांगितला. घरात सगळे 'मेंदूत गाठ' म्हणून हादरलेत. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय: 'बाकी कुठलंही औषध चालू नाही, फक्त अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल आणि केसांसाठीच्या गोळ्या.'

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण बहुधा उत्तर तिथेच आहे.

गोळी की ऑपरेशन हा पुढचा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, प्रोलॅक्टिन वाढलं कशामुळे? आणि तो ठिपका खरंच त्याला जबाबदार आहे का, की तो फक्त तिथे आहे? दुसऱ्या कुठल्या कारणाने मृत्यू झालेल्या लोकांच्या पिट्युटरी तपासल्या, तर साधारण दहातल्या एकीत असा छोटा अ‍ॅडेनोमा सापडतो आणि त्या माणसाला आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे वाढलेलं प्रोलॅक्टिन आणि एमआरआयवरचा ठिपका एकाच माणसात सापडले, एवढ्याने त्यांचं नातं सिद्ध होत नाही.

आता कॅप्सूलबद्दल. पिट्युटरीची बाकीची हॉर्मोन्स वरून, म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून, ढकलल्यावर बाहेर पडतात. प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. ते आपणहून तयार होत राहतं आणि वरून येणारं डोपामिन त्याला सतत ब्रेक लावून ठेवतं. ब्रेक सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं, मग पिट्युटरी अगदी निरोगी असली तरी. अ‍ॅसिडिटीच्या ज्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास मिळतात, त्यातल्या बऱ्याच नुसत्या रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या नसतात. त्यांच्यात दुसरं औषध मिसळलेलं असतं, डॉमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड, आणि ही दोन्ही औषधं डोपामिनचा परिणाम अडवतात. ब्रँडच्या नावापुढे 'डी', 'डीएसआर', 'एल' किंवा 'एलएस' असं शेपूट असेल तर संशय घ्या. पण नावावर विसंबू नका. स्ट्रिप उलटी करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. 'डॉमपेरिडोन ३० मिग्रॅ' किंवा 'लेवोसल्पिराइड ७५ मिग्रॅ' असं काही दिसलं, तर ८२ या आकड्याला ते एकटंच पुरेसं आहे. लेवोसल्पिराइडवर तर प्रोलॅक्टिन शंभराच्या वर गेलेलं, पाळी थांबलेली आणि दूध येत असलेलं, असं तिन्ही एकदम दिसतं. अशा रुग्णाचा एमआरआय काढला आणि त्यात दहातल्या एकाला असतो तसा ठिपका निघाला, की 'पिट्युटरीची गाठ' हे निदान तयारच होतं.

म्हणून कॅबरगोलिन आत्ताच सुरू करू नका. ती आकडा खाली आणेलच, वाढीचं कारण कुठलंही असलं तरी, आणि मग मूळ कारण शोधायची सोपी संधी हातची जाते. कॅप्सूल कोणी लिहून दिली असेल त्या डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्या. अ‍ॅसिडिटी खरोखर त्रास देत असेल तर नुसतं पॅन्टोप्राझोल चालेल. अशी औषधं बंद केल्यावर तीन दिवसांतही प्रोलॅक्टिन उतरायला लागतं. मी मात्र दोन आठवडे थांबून मग तपासणी सांगतो, म्हणजे निकालाबद्दल वाद राहत नाही.

इथे एक इशारा, तुमच्यासाठी नसला तरी वाचणाऱ्या इतरांसाठी. मानसिक आजाराची औषधं, विशेषतः रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड आणि हॅलोपेरिडॉल, प्रोलॅक्टिन वाढवतात. रिस्पेरिडोनवर आकडा २०० च्या पुढेही जातो. ती औषधं आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून अ‍ॅरिपिप्राझोलसारखा पर्याय शोधता येतो. ते शक्य नसेल तर काही वेळा प्रोलॅक्टिन वाढलेलं चालवून घेऊन हाडांची आणि पाळीची वेगळी काळजी घ्यावी लागते. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, रक्तदाबाचं व्हेरापामिल आणि अफूवर्गातली वेदनाशामकं हीसुद्धा याच यादीत येतात.

केसांच्या गोळ्यांचा मुद्दा वेगळा आहे. त्यांत बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) असतं, बऱ्याचदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. बायोटिन हॉर्मोन बदलत नाही, पण काही प्रयोगशाळांची यंत्रं ज्या पद्धतीने मोजतात तीत ढवळाढवळ करतं. प्रोलॅक्टिन आणि टीएसएच खोटं कमी दिसू शकतं, फ्री टी-४ (थायरॉइडचं रक्तातलं हॉर्मोन) खोटं जास्त. म्हणजे तुमचा ८२ हा आकडा प्रत्यक्षात आणखी मोठा असण्याची शक्यता मी सोडून देत नाही. रक्त द्यायच्या आधी निदान तीन दिवस या गोळ्या बंद ठेवा.

रक्त कसं द्यायचं तेही सांगतो, कारण इथेही घोळ होतो. उपाशीपोटी यायलाच हवं असं नाही, पण झोपेतून उठल्या उठल्या नमुना देऊ नये, कारण झोपेत प्रोलॅक्टिन नैसर्गिकपणेच वाढतं. उठून दोनेक तास झालेले असावेत. लॅबमध्ये धावतपळत पोचून लगेच हात पुढे करू नका, पंधरा-वीस मिनिटं शांत बसा. सुईची भीती असेल तर तेवढ्या ताणानेही आकडा थोडा वाढतो. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम, शरीरसंबंध टाळा. आणि 'अजून स्राव येतोय का' म्हणून स्तन रोज दाबून पाहणं पूर्ण बंद करा. त्या स्पर्शानेच प्रोलॅक्टिन वाढतं आणि स्राव चालू राहतो. साधारणपणे गरोदर नसलेल्या स्त्रीत २५ नॅनोग्रॅमपर्यंत, पुरुषात १५ ते २० पर्यंत ठीक मानतात. रिपोर्टावर एकक मात्र बघा. काही लॅब मिलीयुनिटमध्ये देतात, तिथे आकडा जवळजवळ एकवीसपट मोठा दिसतो आणि लोक विनाकारण घाबरतात.

त्याच नमुन्यात आणखी काय तपासायचं? सगळ्यात आधी गर्भधारणेची चाचणी, बीटा-एचसीजी. मूल हवं असलेल्या स्त्रीची पाळी चार महिने आलेली नाही आणि प्रोलॅक्टिन वाढलंय, अशा वेळी ही चाचणी झालेली नसणं हे नवल वाटेल इतकं नेहमीचं आहे. मग क्रिएटिनिन, कारण मूत्रपिंड कमी चालत असेल तरी प्रोलॅक्टिन चढतं. आणि टीएसएचसोबत फ्री टी-४.

तुमच्या ५.८ या टीएसएचबद्दल: एवढ्या किंचित वाढीने प्रोलॅक्टिन ८२ होत नाही. थायरॉइड फारच कमी असेल, टीएसएच ५० किंवा १०० च्या पुढे असेल, तेव्हा मात्र प्रोलॅक्टिनही वाढतं आणि पिट्युटरीसुद्धा फुगते. एमआरआयवर ती हुबेहूब गाठीसारखी दिसते. अशा रुग्णांवर चुकून ऑपरेशन झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि नुसत्या थायरॉक्सिनने (थायरॉइडच्या गोळीने) ती सूज काही महिन्यांत ओसरते. तुमच्याकडे तसं चित्र नाही. पण गर्भधारणा हवी असल्यामुळे ५.८ कडे दुर्लक्षही करणार नाही. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) तपासून थायरॉक्सिनचा छोटा डोस द्यायचा का, ते तुमच्या डॉक्टरांसोबत ठरवा.

दोन आठवड्यांनी आकडा २५-३० च्या आसपास उतरला, तर प्रकरण जवळजवळ मिटलं. पाळी पुढच्या एक-दोन महिन्यांत परत येईल. ४ मिलिमीटरच्या ठिपक्याला मग उपचार नाहीत. वर्षभराने एकदा एमआरआय बघितला तर बघावा, आणि मी तोही आग्रहाने सांगत नाही.

आकडा तसाच राहिला तर पुढची पायरी मॅक्रोप्रोलॅक्टिन. काही लोकांच्या रक्तात प्रोलॅक्टिन प्रतिपिंडाला चिकटून मोठा रेणू बनतो. यंत्र तो मोजतं, शरीरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. लॅबला 'पीईजी प्रेसिपिटेशन' करायला, म्हणजे तो मोठा रेणू वेगळा काढून मोजायला सांगा. त्यानंतर मूळ आकड्याच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी उरलं, तर वाढ मुख्यतः या निरुपद्रवी रेणूची आहे. तुमच्या पत्नीला पाळीचा आणि स्रावाचा त्रास आहे, म्हणून ही शक्यता कमी वाटते. पण एका चाचणीच्या बदल्यात वर्षानुवर्षांची गोळी टळत असेल तर ती करून घ्यावी.

एमआरआयबद्दल एवढंच की मेंदूचा साधा एमआरआय आणि पिट्युटरीचा एमआरआय या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पिट्युटरी वाटाण्याएवढी. मेंदूच्या जाड कापांमध्ये तिच्यातला ४ मिलिमीटरचा ठिपका नीट कळत नाही. चिठ्ठीवर 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट पिट्युटरी एमआरआय, २ ते ३ मिलिमीटरचे काप' असं स्पष्ट लिहून घ्या. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन आणि गर्भधारणेची चाचणी हवीच. पण हा एमआरआय औषधं बंद करून प्रोलॅक्टिन पुन्हा मोजल्यावरच. आधी हॉर्मोन, मग चित्र, हा क्रम उलटा केला की तुमच्या घरात झालं तसंच होतं.

आकडा आणि आकार एकमेकांशी जुळतात का, हे बघणं या सगळ्यात महत्त्वाचं. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीत (प्रोलॅक्टिनोमात) सहसा दोन्ही सोबत वाढतात. १ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत आकडा बहुतेक वेळा ५० ते २०० च्या दरम्यान असतो. त्याहून मोठ्या गाठीत तो २०० च्या वर, कधी हजारांत जातो. ५०० च्या वर असेल तर मोठी प्रोलॅक्टिनोमाच, असं जवळजवळ धरून चालतो. खरी फसगत होते ती तीन सेंटिमीटरची गाठ आणि प्रोलॅक्टिन फक्त ७० अशा जोडीत. याचे दोन अर्थ निघतात आणि त्यांचे उपचार अगदी विरुद्ध आहेत. एक, गाठ प्रोलॅक्टिनची नाहीच. ती पिट्युटरीला मेंदूशी जोडणाऱ्या देठावर दाबते आहे, डोपामिन खाली पोचत नाही, म्हणून निरोगी पेशींतून प्रोलॅक्टिन सुटतंय. त्याला बहुधा ऑपरेशन लागतं. दोन, गाठ प्रोलॅक्टिनचीच आहे, पण रक्तात ते इतकं प्रचंड आहे की चाचणीतली प्रतिपिंडं भरून जातात आणि यंत्र खोटा छोटा आकडा दाखवतं. याला हुक इफेक्ट म्हणतात. नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजला की आकडा हजारांत उघडा पडतो, आणि मग ही गाठ गोळ्यांनीच आक्रसते. नव्या यंत्रांत हा प्रकार कमी झालाय, पण मोठी गाठ आणि मध्यम आकडा दिसला की शंभरपट पातळ करून मोजल्याशिवाय कोणालाही ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ नये.

पिट्युटरीची बाकीची हॉर्मोन्स किती तपासायची, हे आकारावर अवलंबून आहे. ४ मिलिमीटरची गाठ शेजारच्या पेशींना सहसा त्रास देत नाही. तिथे फ्री टी-४, सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) आणि आयजीएफ-१ एवढं पुरतं. आयजीएफ-१ अशासाठी की काही गाठी प्रोलॅक्टिनसोबत ग्रोथ हॉर्मोनही बनवतात. अंगठी-जोडवी घट्ट होणं, चपलेचा नंबर वाढणं, दातांत फटी पडणं हे विचारलं तरच लोक सांगतात. चेहरा गोल होणं, सहज काळंनिळं पडणं, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटणं असं असेल तर रात्री ११ ला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी ८ ला कॉर्टिसॉल बघायचं. ते १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं तर कुशिंग्जची, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराची, शंका जवळपास मिटते.

गाठ १ सेंटिमीटरच्या वर असेल तर मात्र पूर्ण तपासणी आणि डोळ्यांची पेरिमेट्री (नजर कडेला कुठवर पोचते ते मोजणारी चाचणी). नुसता चष्म्याचा नंबर तपासून भागत नाही, कारण दृष्टीचा फटका आधी दोन्ही बाहेरच्या कडांना बसतो आणि समोरचं वाचता येत राहतं.

इथे हेल्थ पॅकेजमधल्या एकट्या टीएसएचने होणारा घात सांगायलाच हवा. पिट्युटरीच कमी चालत असेल तर टीएसएच 'नॉर्मल' येऊ शकतं आणि फ्री टी-४ खाली असतं. बाळंतपणात भयंकर रक्तस्राव झालेल्या, नंतर दूध न आलेल्या, पाळी कधीच परत न आलेल्या स्त्रिया अशाच वर्षानुवर्षं 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक घेत राहतात. तो शीहान सिंड्रोम असतो, म्हणजे त्या रक्तस्रावात पिट्युटरीच निकामी झालेली असते, आणि आपल्याकडे तो आजही दिसतो. अशा रुग्णात आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन. उलट केलं तर थायरॉक्सिन उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर संपवतं आणि रुग्ण कोसळतो. सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की, १५ च्या वर असेल तर सहसा चिंता नाही, मधल्या आकड्यांना उत्तेजन चाचणी लागते.

समजा, सगळं करूनही निदान छोट्या प्रोलॅक्टिनोमाचंच झालं. मग तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेली कॅबरगोलिन बरोबर आहे. ०.५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी आठवड्यातून दोनदा, समजा सोमवारी आणि गुरुवारी, रात्री जेवल्यावर झोपताना. पुन्हा वाचा: आठवड्यातून दोनदा. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात टाकून रोज घेतली जाणं ही या औषधाची सगळ्यात नेहमीची चूक आहे. पहिले दोन-तीन आठवडे मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, उठताना गरगरतं. रात्री लघवीला उठताना आधी काठावर बसावं, मग उभं राहावं. चार आठवड्यांनी प्रोलॅक्टिन बघून डोस वाढवायचा की तोच ठेवायचा ते ठरतं. बहुतेकांचं आठवड्याला ०.५ ते १ मिलिग्रॅमवर भागतं. हृदयाच्या झडपांच्या त्रासाची भीती पार्किन्सनसाठी रोज दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसवरून आली आहे. आठवड्याला २ मिलिग्रॅमच्या पुढे जावं लागलं तर मी दरवर्षी इको करून घेतो. आणि एक गोष्ट नवऱ्याने लक्ष ठेवायची: स्वभावात न बसणारी ऑनलाइन खरेदी, रमीसारख्या पैशाच्या खेळांची ओढ किंवा कामेच्छा अचानक वाढणं. हा औषधाचा दुष्परिणाम असतो, रुग्ण स्वतः सांगत नाही आणि गोळी थांबवल्यावर तो जातो.

गर्भधारणा कधी? पाळी परत यायच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणून 'अजून पाळी नाही म्हणजे अजून वेळ आहे' हे गणित चुकतं. पाळीचं चक्र कळेपर्यंत दोन-तीन महिने निरोध वापरलात तर पुढे तारखांचा गोंधळ होत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली की, छोट्या गाठीत, कॅबरगोलिन बंद. त्यानंतर नऊ महिने प्रोलॅक्टिन मोजायचंच नाही, कारण ते गरोदरपणात वाढतंच आणि त्या आकड्यावरून काहीही कळत नाही. छोटी गाठ या काळात त्रास देण्याइतकी वाढण्याचा धोका दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आहे. सतत डोकेदुखी किंवा नजरेत फरक पडला तरच पेरिमेट्री आणि कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय. स्तनपान खुशाल करावं. मोठ्या गाठीत हे नियम बदलतात, तिथे गर्भधारणेआधीच गाठ आक्रसून घ्यावी लागते.

गोळी बंद करायची घाई नको. आकडा नॉर्मल झाला म्हणजे गाठ गेली असं नाही. निदान दोन वर्षं, आकडा स्थिर, एमआरआयवर गाठ दिसेनाशी, मग डोस कमी करत थांबवून बघतो. तरीही बऱ्याच जणींत प्रोलॅक्टिन परत वाढतं, बहुधा पहिल्या वर्षातच.

ऑपरेशन सुचवणारे न्यूरोसर्जन चुकले असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत छोट्या, नीट दिसणाऱ्या प्रोलॅक्टिनोमासाठी नाकातून केली जाणारी शस्त्रक्रियाही रुग्णासमोर पर्याय म्हणून ठेवावी असं म्हटलंय. गोळी सोसवत नसेल किंवा वर्षानुवर्षं घ्यायची नसेल, तर तो पर्याय योग्य आहे. पण त्याचा निकाल हातावर अवलंबून असतो. पिट्युटरीच्या किती शस्त्रक्रिया वर्षाला होतात, नंतर हॉर्मोन कोण बघणार, हे सरळ विचारा. मुंबईच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात अंतःस्रावशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, दुसरं मत घ्यायला ती चांगली जागा. ऑपरेशन झालंच, तर घरी आल्यावर सातव्या दिवसाच्या आसपास सोडियम तपासायचं विसरू नका. पाचव्या ते दहाव्या दिवसात ते घसरतं, आणि मळमळ, डोकेदुखी, गुंगी याला 'ऑपरेशनचा थकवा' समजलं जातं. ग्रोथ हॉर्मोनच्या आणि कुशिंग्जच्या गाठींत मात्र ऑपरेशन हाच सहसा पहिला उपचार असतो, हे यातून वेगळं काढा.

गाठ लहान असो की मोठी, अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, एकाची दोन दिसणं किंवा पापणी खाली पडणं असं एकदम झालं तर ओपीडीची वेळ बघू नका. गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा आणि पिट्युटरीचा आजार आहे हे दारातच सांगा, म्हणजे १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लवकर दिलं जाईल.

पुढच्या भेटीला जाताना रिपोर्टाच्या कागदासोबत एमआरआयची सीडी न्या. गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक औषधाच्या स्ट्रिपचा मागच्या बाजूने फोटो काढून ठेवा, आयुर्वेदिक, जिमची पावडर, केसांच्या गोळ्या सगळ्यांचा. आणि कॅप्सूल नेमकी कोणत्या तारखेला थांबवली, ते नव्या प्रोलॅक्टिनच्या रिपोर्टावर पेनाने लिहून ठेवा.